बिनदंडाचा देव

थावराच्या हाताला मिठाचा अंदाज होता आणि त्या अंदाजानंच त्याला गोत्यात आणलं.

पुसेगावपासून आत, माळाच्या उतारावर त्यांचा तांडा. तांड्यात बोकड कापला की रक्त मातीत जाऊ द्यायचं नाही, अशी जुनी रीत. परातीत मिठाचं पाणी घेऊन रक्त धरायचं, आतडी आणि काळीज बारीक चिरायचं आणि सगळं एकत्र शिजवून त्याची सळोई करायची. हे काम पुरुषांचं. बघायला सोपं वाटतं, पण जाळ जरा वाढला की रक्ताच्या गुठळ्या होतात आणि हात जरा थांबला की बुडाला लागतं. थावरा चुलीपाशी बसला की लोक निर्धास्त होत. लग्नाला आलेले पाहुणे बैलगाडीतून उतरता उतरता विचारत, सळोईवर कोण बसलाय? थावराचं नाव ऐकलं की बाकीच्या जेवणाची चौकशी कोणी करत नसे.

असा माणूस सळोई सोडून बसला, त्याला कारण त्याची बायको रुख्मिणीबाई. ती बहिणीच्या नादानं येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली की हा देव बोकड मागत नाही. ते वाक्य थावराच्या मनात घर करून राहिलं. त्याच्या डोक्यावर नवसांचं ओझं होतं. कोणत्या दुखण्यात कोणत्या देवाला काय बोललो, हे त्याला धड आठवत नसे, आणि विसरलेल्या नवसाची भीती त्याला आठवणाऱ्या नवसापेक्षा जास्त वाटे. घरात कोणी खोकलं तरी तो मनातल्या मनात एकेका देवाचं नाव घेऊन बघे, कोणाचं राहून गेलं असेल. बोकड न मागणारा देव म्हटल्यावर त्याला उन्हातून लिंबाखाली आल्यासारखं झालं. सिद्धेश्वरच्या धरणावर जाऊन त्यानं बाप्तिस्मा घेतला. पाण्यातून वर आला तेव्हा तो हसत होता, असं रुख्मिणीबाई सांगते.

काही दिवस बरे गेले. मग प्रेमदास आला.

प्रेमदास म्हणजे येशूला मानणाऱ्यांच्या मंडळीचा सेवक. कळमनुरीकडच्या तांड्यातलं पोरगं. बाहेरगावी राहून शास्त्र शिकून आलं होतं. पुसेगावात भाड्याची खोली घेऊन राहायचं आणि लुनावरून वाड्या-तांडे फिरायचं. मनानं वाईट नव्हतं. बाप दारूत गेला होता आणि पोरगंही त्याच वाटेला लागलं होतं. त्याला बाहेर काढलं ते नियमांनी. म्हणून त्याचा नियमांवर फार जीव. बिडी नको, तंबाखू नको, जत्रेतलं जेवण नको, आणि सगळ्यात मोठं म्हणजे रक्त नको. जीव रक्तात असतो आणि जीव देवाचा असतो, असं तो सांगायचा. रक्त खाणाऱ्याकडे देव आपलं तोंड फिरवतो, रागानं फिरवतो आणि त्याला त्याच्या माणसांतून तोडून टाकतो. तो हे सांगत असला की त्याचाच आवाज कापायचा.

तांड्यात सगळे गोरमाटी बोलत. देव मात्र प्रेमदासच्या पुस्तकातून मराठी बोलायचा, आणि मराठीही कचेरीतली. थावराला बाजारापुरती मराठी येत होती. असली मराठी त्यानं तलाठ्याच्या आणि फौजदाराच्या तोंडून ऐकली होती आणि ती ऐकल्यावर त्याचं कधी भलं झालं नव्हतं. त्यामुळे वाचन सुरू झालं की तो हात जोडायच्या आधी पाय जवळ ओढून घ्यायचा.

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर खायची आणि एकाच पेल्यातून प्यायचं. त्याबद्दल प्रेमदासनं एक गोष्ट सांगितली होती. वारंगा फाट्यावर पंक्चर काढणारा एक विश्वासी होता. मनात पाप लपवून तो प्रभूच्या पंगतीला बसला, भाकर खाल्ली, पेला प्याला आणि रविवार मावळायच्या आत दुकानातच आडवा झाला. तेव्हापासून प्रेमदासचा नियम होता, की पेला घ्यायच्या आधी ज्याच्या मनात खोट असेल त्यानं उठून उभं राहायचं आणि बाहेर जायचं. हे तुमच्याच जिवासाठी आहे, असं तो म्हणायचा, आणि खरंच त्यासाठीच म्हणायचा.

हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला, त्या हिवाळ्यात थावराचा मोठा भाऊ अमरसिंग यानं ट्रॅक्टर घेतला. अमरसिंग तांड्याचा नायक. तांड्यात कोणाचं काही चुकलं की पंचायत त्याच्या ओट्यावर बसायची. दंड ठरायचा, माणूस दंड भरायचा, सगळ्यांबरोबर चहा प्यायचा आणि विषय संपायचा. ट्रॅक्टरच्या चाकापुढं बोकड कापून तांड्याला जेवण द्यायचं ठरलं, आणि अमरसिंग स्वतः थावराच्या दारात आला.

थावरा नाही म्हणाला. अमरसिंग गेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

“तुझा देव भावाच्या चुलीला बी शिवू देत न्हाई का रे?”

“शिवू देतो. पण खाऊ देत न्हाई, दादा.”

“मग खा म्हणतंय कोण? हलवून दे. खाणारे लई हायेत.”

थावरा विचारात पडला. प्रेमदासनं खाऊ नका असं सांगितलं होतं. हलवू नका असं कधीच म्हटलं नव्हतं. कुंपणात जनावराला भोक सापडावं तसं त्याला झालं. भाऊही राहतो, देवही राहतो. तो गेला.

चुलीपाशी बसल्यावर त्याच्या हातांना काही शिकवावं लागलं नाही. जाळ ओढला, पळी धरली, रक्त ओतलं आणि हात गोल फिरू लागला. आजूबाजूला माणसं जमली, जुन्या लग्नांच्या आठवणी निघाल्या. कोणी त्याच्या नव्या धर्मावरून टोमणा मारला, त्यालाही तो हसला. खूप दिवसांनी त्याला आपल्या माणसांत बसल्यासारखं वाटत होतं. सळोई दाटून आली. त्यानं पळीचं टोक तळहातावर टेकवलं, जिभेनं टिपलं आणि म्हणाला,

“मीठ बराबर हाय.”

आपलाच आवाज कानावर पडला तेव्हा त्याला कळलं.

त्यानं तळहात धोतराला पुसला. मग पुन्हा पुसला. जीभ तोंडात कुठं ठेवावी ते त्याला सुचेना. थुंकावं तर सगळे बघत होते, आणि ते तर केव्हाच घशाखाली गेलं होतं. अमरसिंगनं पाहिलं होतं. तो मोठ्यानं हसला नाही, मिशीत हसला.

“देव कोणता बी कर थावरा, जीभ तांड्याचीच राहती.”

लोक हसले. थावरा पळी दुसऱ्याच्या हातात देऊन उठला.  खाल्लं होतं थेंबभर, पण त्याला वाटलं आपण अख्खा बोकड गिळला आहे आणि तो आत जिवंत आहे.

येत्या रविवारी प्रभुभोजन होतं. प्रेमदासच्या वरचे धर्मगुरू, हिंगोलीचे म्हातारे ग्यानोबा पाळक, त्यासाठी येणार होते. थावरानं सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. पेला घेतला तर पंक्चरवाल्यासारखं मरायचं. नाही घेतला तर प्रेमदास सगळ्यांदेखत विचारणार. उठून बाहेर गेला तर मंडळीतून तुटणार, आणि तांड्यातून तर तो बुडी घेतली तेव्हापासून निम्मा तुटलेलाच होता. मग तो कोणाचा राहणार? माणसांतून तोडणं म्हणजे काय, हे त्याला आता पुस्तकाशिवाय कळत होतं. लेक निता सेनगावला दिली होती. तिच्याकडे जाऊन येतो म्हणाला, तर रुख्मिणीबाईनं रविवार झाल्यावर जा म्हणून सांगितलं. पाळकबाबा येणार आणि घरधनी गावाला, हे तिला पटणारं नव्हतं.

झोप गेली. जेवताना घास तोंडाशी नेला की तो थबके. शेतात गेला तर मागून कोणी येतंय असं वाटे, आणि वळून बघितलं तर नुसतं तुरीचं शेत. देवानं तोंड फिरवलं म्हणजे नेमकं कुठून बघत असेल, याचा तो विचार करत बसे.

शेवटी न राहवून तो पुसेगावला प्रेमदासच्या खोलीवर गेला. सरळ विचारायची छाती नव्हती. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला की समजा एखाद्यानं चुकून, म्हणजे खायचं मनात नसताना, रक्त चाखलं, तर त्याला काही दंड भरून सुटता येतं का. प्रेमदासनं पुस्तक काढलं, पानं चाळली. बराच वेळ चाळली. थावराला तो काका म्हणायचा, आणि या काकासाठी एखादी वाट सापडावी असं त्याला मनापासून वाटत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यानं पुस्तक मिटलं.

“एखाद्यानं म्हणजे कोणी, काका?”

“कोणी न्हाई. असंच विचारून राहिलो.”

प्रेमदासचा चेहरा उतरला. देवाचा दंड माणसाला भरता येत नाही, एवढंच तो म्हणाला. आणि तो एखादा जो कोणी असेल, त्यानं पेल्याला हात लावू नये. त्याला सांगा काका, असं त्यानं दोनदा बजावलं.

थावरा परतला तो आधीपेक्षा घाबरून. तांड्याच्या पंचायतीत कितीही मोठी चूक असो, दंड असतो. दंड म्हणजे दार. इथं भिंतीला दारच नव्हतं.

शनिवारी रुख्मिणीबाईला विंचू चावला. अंगणात तुरीच्या पेंढ्या उचलताना बोटाला डसला. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली आणि कपाळावर घाम आला. थावरानं विंचू पाहिला, लाल होता.  सुरू झालं, असं त्याला वाटलं. अमरसिंगचा नवा ट्रॅक्टर दारात होता, त्यावरच तिला पुसेगावच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं सुई दिली, बसवून ठेवलं, नाडी बघितली आणि आता भीती नाही म्हणून घरी पाठवलं. हात कोपरापर्यंत सुजला होता. डॉक्टरनं भीती नाही म्हटलं ते विंचवापुरतं, हे थावराला ठाऊक होतं.

घरी आल्यावर तो तिच्या खाटेपाशी बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. पळी, तळहात, मीठ, सगळं. हे माझ्यासाठी आलं होतं, तुला लागलं, असं म्हणाला.

रुख्मिणीबाईनं डोळे मिटून ऐकलं. हात ठणकत होता.

“चाटलं तुमी, आन् इंचू मला?” ती म्हणाली. “इतका आंधळा देव असता तर मी त्याच्या मागं लागले असते काय?”

“हसू नको. मरशील.”

“हसून राहिले कुठं. बोट तुटून राहिलं माझं.”

त्याला धीर येण्याऐवजी उलटंच झालं. अशा वेळी हसणं हीसुद्धा चूक असेल, तिच्याही नावावर काही चढेल, असं त्याला वाटलं. रुख्मिणीबाई मात्र उद्याच्या काळजीत होती. मंडळीत द्राक्षाचा रस कुठून आणणार? दर वेळी ती लाल अंबाडीची बोंडं उकळून, गाळून, साखर घालून पेल्याचा रस करायची. बोंडं खुडून सुपात ठेवली होती आणि तिचा हात तर उचलत नव्हता. तुमी करा, ती म्हणाली. जन्मभर चुलीपाशीच तर बसलात.

संध्याकाळी थावरानं पातेलं ठेवलं. बोंडं टाकली. पाणी तापलं, तसा रंग सुटला. आधी गुलाबी, मग लाल, मग गडद. जाळाच्या उजेडात पातेल्यात जे हलत होतं ते त्यानं हजार वेळा पाहिलं होतं.  त्यानं साखर घातली, पण किती ते कळेना. एरवी बोटावर घेऊन बघितलं असतं. आज त्याला ते पाणी जिभेला लावायचं धाडस झालं नाही. आणखी घालावी का? मुठीत घेतली आणि परत डब्यात टाकली. जन्मात पहिल्यांदा त्यानं न चाखता भांडं चुलीवरून उतरवलं.

रविवारी पत्र्याच्या खोलीत मंडळी बसली. एका अंगाला बाया, एका अंगाला बापे. ग्यानोबा पाळक एसटीनं पुसेगावला उतरले होते आणि तिथून लुनाच्या मागं बसून आले होते. म्हातारा फार थकलेला. एका डोळ्यात मोतीबिंदू, अंगात उन्हातही कोट. गाणी झाली, वाचन झालं. मग प्रेमदास उभा राहिला आणि त्यानं नेहमीचा इशारा दिला. ज्याच्या मनात खोट असेल त्यानं आताच उठावं. सांगताना त्यानं थावराकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

थावरा उठला नाही. पाय उठलेच नाहीत. त्याला वाटलं, मरायचं तर आपल्या माणसांत बसून मरावं.

भाकरीचा तुकडा हातात आला. तो त्यानं तसाच मुठीत धरून ठेवला. मग ग्यानोबा पाळक पेला घेऊन रांगेनं येऊ लागले. स्टीलचा मोठा पेला, दोन्ही हातांत धरलेला. प्रत्येकाजवळ थांबत, काहीतरी पुटपुटत, ते जवळ येत होते. पहिल्या माणसानं घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. थावराला ते पाहून घाम फुटला. दुसऱ्याचंही तसंच झालं. मग पेला त्याच्यापुढं आला. आत लाल होतं. हे माझं रक्त, तुमच्यासाठी ओतलेलं, असं म्हाताऱ्यानं प्रभूच्या नावानं सांगितलं आणि पेला पुढं केला.

थावरा उभा राहिला.

“मी रक्त चाटलं, बाबा,” तो म्हणाला.

 प्रेमदास झटकन पुढं आला आणि त्यानं आपला हात पेला आणि थावरा यांच्या मधे घातला. विस्तवापासून लेकराला मागं ओढावं तसा.

“बाहेर चला, काका. मरून जासाल तुमी. चला.”

“थांब,” ग्यानोबा म्हणाले. “काय चाटलं? बराबर सांग.”

थावरानं सांगितलं. भावाचा ट्रॅक्टर, सळोई, मीठ बघायला तळहातावर घेतलेला थेंब. म्हाताऱ्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की मग मीठ बरोबर होतं का. बायांच्या बाजूला रुख्मिणीबाई हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. थावराला मात्र रडू आलं. तो हात जोडून दंड मागू लागला. तांड्यात दंड भरला की माणूस पुन्हा पंगतीला बसतो, तसं काहीतरी सांगा. उपास सांगा, शेळी विकायला सांगा, ही खोली रोज झाडायला सांगा. प्रेमदासला ते योग्य वाटलं. तो म्हणाला की काही महिने काकांनी पेल्यापासून लांब राहावं, उपास करावेत, मग बघू. थावरानं घाईघाईनं मान हलवली. त्याच्या छातीवरचा दगड हलला होता. दार सापडलं होतं.

“न्हाई,” ग्यानोबा म्हणाले.

“काहून, बाबा?” थावरानं विचारलं.

म्हाताऱ्यानं पेला दोन्ही हातांत नीट धरला. 

“रक्त खाऊ नको, असं देवानं सांगितलं ते खरंच हाय. या पोरानं बराबर शिकवलं. जीव त्याचा हाय, माणसानं तो आपला समजून तोंडात घालू नये. ते मी पुसत न्हाई. पण थावरा, ज्याचा जीव हाय त्यानंच तो या पेल्यात ओतला आन् तुझ्यापुढं धरला, तर त्याला तू दंडाचं काय इचारतो? दंड घेणारा असा ओतून देतो काय?”

थावरा पेल्याकडे बघत राहिला. आयुष्यात त्यानं किती बोकड धरले असतील. सुरी दिसली की प्रत्येक बोकड मागं ओढायचा. पाय रोवायचा. त्याचे डोळे पांढरे व्हायचे. एकाही बोकडानं कधी आपण होऊन परातीवर मान धरली नव्हती. आणि इथं कोणीतरी मान धरली होती, परातही त्यानंच पुढं केली होती, आणि थेंबभर चोरून चाटणाऱ्याला पेला भरून घे म्हणत होता. थावराच्या अंगावर काटा आला. प्रेमदासच्या देवाची भीती त्याला कळत होती. ती फौजदाराची भीती होती. ही तसली नव्हती. हिला कुठून धरावं तेच कळत नव्हतं. तो देव रागावला असता तर थावराला सोपं गेलं असतं.

“मला भेव वाटून राहिलं, बाबा.”

“वाटू दे. पण माझा हात भरून आला. घे, न्हाईतर खाली ठेवतो.”

प्रेमदासचा हात अजून मधेच होता. थावरानं तो हळूच बाजूला केला, भाकरीचा चुरा झालेला तुकडा तोंडात टाकला आणि पेला घेतला. प्याला. रस इतका आंबट होता की त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं आणि दात आंबले. तो खाली बसला आणि मरणाची वाट बघू लागला. शेजाऱ्यानं पेला घेतला, त्याच्या शेजाऱ्यानं घेतला. बायांकडे गेला. शेवटचं गाणं झालं. थावरा छातीवर हात ठेवून बसला होता आणि आतलं काळीज पळत होतं, पण चालू होतं.

मंडळी उठताना पाळकबाबांनी रुख्मिणीबाईला विचारलं की यंदा साखर मिळाली नाही का. तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

लुनावर बसायच्या आधी ग्यानोबा प्रेमदासला बाजूला घेऊन काही बोलले. थावरा जवळच उभा होता, त्याला सगळं ऐकू आलं. वारंगा फाट्याच्या त्या पंक्चरवाल्याला मीच पुरलं, असं म्हातारा सांगत होता. सकाळपासून त्याच्या छातीत कळा येत होत्या. त्याला वाटलं ही शिक्षा आहे, म्हणून तो कोणाला बोलला नाही, दवाखान्यात गेला नाही, शिक्षा भोगत बसून राहिला. फाट्यावर गाड्यांना काय तोटा, कोणीही नेलं असतं. तो भीतीनं मेला प्रेमदास, पेल्यानं नाही.  प्रेमदास लुनाला लाथ मारत राहिला आणि ती बराच वेळ सुरू झाली नाही.

थावरा घराकडे निघाला, पण वाटेत अमरसिंगचं घर लागत होतं. सळोईच्या दिवसापासून तो मागच्या पायवाटेनं जायचा. आज समोरून गेला. अमरसिंग ओट्यावर बसला होता. वहिनीच्या हातून चहा आलेला. त्यानं भावाला बघितलं आणि हाक मारली. रुख्मिणीच्या हाताची चौकशी केली. मग मिशीवरून हात फिरवला.

“कळलं का तुझ्या देवाला?”

“कळलं. मीच सांगितलं. सगळ्यांपुढं.”

अमरसिंग ताठ बसला. हा त्याचा विषय होता. किती दंड झाला, असं त्यानं विचारलं. वेळ पडली तर निम्मा मी देतो, कारण चुलीवर बसवलं मी, असंही म्हणाला. नायक म्हणून त्याचा न्याय असा चोख असायचा.

“दंड न्हाई घेतला,” थावरा म्हणाला.

“न्हाई घेतला म्हणजे? हाकललं?”

“न्हाई. पंगतीला बसवलं. पेला दिला.”

अमरसिंगनं कपबशी खाली ठेवली. त्यानं किती पंचायती केल्या असतील, पण कबूल केलेल्या चुकीला दंड नाही, असं त्यानं कुठं ऐकलं नव्हतं. तो थावराच्या तोंडाकडे निरखून बघू लागला. चेष्टा नाही हे त्याला दिसलं. त्याचा आवाज खाली आला.

“हे वाईट झालं रे. दंड भरला की माणूस मोकळा होतो. कोणाचं देणं राहत न्हाई. तुझं तर भरायचंच राहून गेलं. असा देव तुला आता कधी सोडायचा न्हाई.”

“व्हय, दादा,” थावरा म्हणाला. “त्याचंच भेव वाटून राहिलं.”

तो ओट्याच्या कडेवर बसला. अमरसिंगनं आत वळून आणखी एक चहा सांगितला.